हॉलमधल्या पाण्याची चौकशी

सदर इसमाचे नाव बिरुदेव सिद्धनाथ लवटे असून वय वर्षे अडुसष्ट पूर्ण. मूळ राहणार तालुका सांगोला, हल्ली मुक्काम जुळे सोलापूर, तिसरा मजला, लिफ्ट बहुधा चालू. शिक्षण जुनी अकरावी, पैकी गणित वगळता उत्तीर्ण. बांधा सडपातळ, वर्ण गव्हाळ. ओळखीची खूण, सदऱ्याच्या खिशातील छोटी वही व तिला दोऱ्याने बांधलेली पेन्सिल. नोकरी, येथील एका सूतगिरणीत एकतीस वर्षे, हवा खाते, हुद्दा जॉबर, म्हणजे मुकादम. कर्तव्य, कारखान्यातील हवा विहित प्रमाणात दमट ठेवणे. संपूर्ण सेवाकाळात हवा कोरडी असल्याची एकही तक्रार सदर इसमाविरुद्ध नोंदली गेली नाही. तशी तक्रार नोंदवण्याचे रजिस्टर हवा खात्याच्याच ताब्यात असे.

हा हुद्दा नात्यागोत्यात समजावून सांगणं लवट्यांना जन्मभर जड गेलं. गावाकडे मेंढरं राखणाऱ्या भावकीत कुणी विचारलं, "मिलमधी काय करतूस रं?" की ते सांगत, "हवा भिजवतो." विचारणारा थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राही आणि मग घरच्यांची खुशाली विचारी. पण काम खरं होतं. हवा कोरडी झाली की सूत तटातट तुटतं, आणि सोलापूरच्या एप्रिलमध्ये धुतलेला शर्ट दोरीवर टाकून चिमटा शोधेपर्यंत वाळतो. म्हणून गिरणीत छताला बारीक तुषारांचे फवारे होते, आणि दर तासाला कुणीतरी एका लाकडी फळीपुढे उभं राहून ठरवायचं असे की फवारा किती सोडायचा. तो कुणीतरी म्हणजे लवटे.

फळीवर दोन थर्मामीटर शेजारी शेजारी. एकाचं टोक उघडं, तो सुका. दुसऱ्याच्या टोकाला सुती वात गुंडाळलेली आणि वातीचं शेपूट खालच्या वाटीतल्या पाण्यात सोडलेलं, तो ओला. भिजलेली वात वाळता वाळता गार पडते, म्हणून ओला नेहमी सुक्यापेक्षा खालचा आकडा दाखवतो. दोघांत अंतर जितकं जास्त, तितकी हवा कोरडी. अख्खी गिरणी त्या फळीला 'ओला-सुका' म्हणे. गिरणी बंद पडली तेव्हा लोकांनी खुर्च्या मागितल्या, भिंतीवरची घड्याळं मागितली, एकाने तर कँटीनचं पातेलं नेलं. लवट्यांनी ओला-सुका मागितला. देणाऱ्या साहेबाने दोनदा विचारलं, "नक्की हेच पाहिजे?"

ह्या फळीभोवती हवा खात्याची एक जुनी पद्धत होती. ती कुठे लिहिलेली नव्हती. साहेबांची फेरी निघाल्याची वर्दी आली आणि हवा प्रमाणापेक्षा कोरडी असली, तर अख्खा कारखाना भिजवायला वेळ कुठला? मग फवारणीचा हातपंप घ्यायचा आणि फळीच्या आसपासची तेवढी हवा भिजवायची. साहेब येत, फळीवर बघत, सही करत, पुढे जात. पलीकडे सूत आपलं तुटत राही. लवट्यांना ही लबाडी कधी वाटली नाही. आकडा बरोबर आणणं हे काम होतं, आणि आकडा फळीवर होता.

मुलगा सयाजी टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅचला, सून ऋतुजा रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये. दोघांनी मिळून घेतलेला जुळे सोलापुरातला फ्लॅट आधी एका दातांच्या डॉक्टरांचा होता. डॉक्टर पुण्याला गेले आणि छतात बसवलेला एसी मागे ठेवून गेले, कारण तो काढायचा तर छतही सोबत न्यावं लागलं असतं. ह्या एसीला रिमोट नव्हता. हॉलच्या आतल्या भिंतीवर पंजाएवढी पांढरी डबी होती, थर्मोस्टॅट. ती खोलीचं तापमान स्वतः मोजी आणि काचेवर दाखवी. खोली पुरेशी गार झाली असं तिला वाटलं की ती एसी बंद करी, तापली असं वाटलं की चालू करी. तिला काय वाटतं यावर सगळं घर अवलंबून होतं.

लवट्यांना ही डबी पहिल्या दिवसापासून पटली. दारापासून लांब, खिडकीपासून लांब, छातीच्या उंचीवर, आतल्या भिंतीला. तापमान मोजायची जागा अशीच पाहिजे. इतकी योग्य जागा घरात दुसरी नव्हती, म्हणून उन्हाळा लागताच त्यांनी डबीपासून वीतभर अंतरावर खिळा ठोकून ओला-सुका टांगला.

"दोन दोन कशापायी?" अंबुबाईंनी विचारलं. लवट्यांचा संसार त्यांनी त्रेचाळीस वर्षं केला होता आणि हवा खात्याबद्दलची त्यांची मतं पक्की होती.

"ती नुसती ऊन-गार सांगती. ओल कोन सांगनार?"

"ओल हाय कुटं हितं? माज्या टाचा बगा की."

"त्येच तर म्हनतोय मी."

दुसऱ्या दिवसापासून वहीत दर तासाच्या नोंदी सुरू झाल्या आणि त्यांतून भलतंच निघालं. एसी चालला की खोलीतली उरलीसुरली ओलही जात होती. ओला आणि सुका यांच्यात इतकं अंतर गिरणीत पडलं असतं तर लवट्यांना खुलासा द्यावा लागला असता. आणि घरात सूत नसलं तरी माणसं होती. ऋतुजाचे डोळे चुरचुरत होते. सयाजीचे ओठ फुटले होते. सागवानी कपाटाचं दार कुरकुरत होतं. लवट्यांनी तिन्ही प्रकार एकाच शीर्षकाखाली लिहून घेतले.

तेव्हापासून दुपारी दोनला, मुलं कामावर आणि अंबुबाई जेवून आडव्या झालेल्या असताना, ते कुंड्यांवर मारायचा निळा फवारा घेत आणि हवा दुरुस्त करत. सगळा हॉल भिजवला तर सोफ्यावरून बोलणी बसली असती, म्हणून जुन्या पद्धतीने, फळीभोवतीची तेवढी. तीनचं रीडिंग मनाजोगतं येई. लवटे वहीत 'ठीक' लिहीत आणि खाली सही करत. साहेबाची जागा रिकामी होती, तीही आता त्यांनाच भरावी लागत होती. रविवारी मात्र फवारणी नसे. रविवारी गिरणीला सुट्टी असायची.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात डबीच्या काचेआड वाफ धरली, मग आकडा दिसेनासा झाला, मग एसी कायमचा गप्प झाला. सयाजीने चन्नवीरला बोलावलं. चन्नवीर मूळचा अक्कलकोटकडचा मेकॅनिक. घरी कानडी, गिऱ्हाइकाशी मराठी, अडलेल्या स्क्रूशी पुन्हा कानडी. त्याने डबी उघडली आणि तळहातावर उपडी केली. दोन थेंब पडले.

"पाणी गेलंय की वो आत."

"पाणी?" सयाजी म्हणाला. "इथं नळाला चार दिवसांआड पाणी येतंय, आणि ह्या डबीला रोज?"

"मला काय माहीत साहेब. हिनं टँकर मागवला आसंल."

नवी डबी आली. नव्या डबीने वेगळीच तऱ्हा धरली. सकाळी नीट चाले, दुपारी अडीचच्या सुमारास एसी बंद करी, आणि संध्याकाळी पुन्हा आपण होऊन शहाणी होई. अंबुबाई तीनला घामाने भिजून उठत. ऋतुजा पाचला घरी येई तेव्हा हॉल भट्टीसारखा तापलेला असे आणि काचेआडचा आकडा म्हणे, चोवीस. रविवारी मात्र डबी दिवसभर गुणी मुलीसारखी वागे.

"आम्ही घरी असलो की बरोबर चालते," सयाजी म्हणाला. "माणूस बघून काम करणारी मशीन पहिल्यांदाच बघतोय."

तिसरी डबी आणायची नाही, आधी पाण्याचं मूळ शोधायचं, असं ठरलं. ऋतुजा सासऱ्यांना गावच्या रीतीने मामा म्हणे. ती म्हणाली, "मामा, ओलीतलं तुमच्याइतकं कुणाला कळतंय घरात? तुम्हीच शोधून काढा."

गिरणी बंद पडून नऊ वर्षं झाली होती. त्या नऊ वर्षांत लवट्यांना लोकांनी दूध आणायला सांगितलं होतं, गॅसवाला आला तर दार उघडायला सांगितलं होतं, लग्नात अहेराच्या पिशव्या सांभाळायला सांगितलं होतं. ओलीतलं कुणी काही विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला आणि चौकशीला सुरुवात केली.

पहिली जबानी अंबुबाईंची.

"कुकरच्या किती शिट्ट्या हुत्यात रोज?"

"तुमी घरी बसल्यापासनं मोजायचं इसरले."

"वाफ हॉलमधी येती का?"

"वाफ येती, वास येतो, जेवायला बसताना तुमी येता. धरा कुनाला धरायचं त्ये."

मग लवटे वर चौथ्या मजल्यावर गेले. तिथे ईरम्मा राहत. त्यांनी दार उघडताच लवट्यांनी वही काढली आणि आपल्या घरात पाणी कुठे कुठे सांडतं असं विचारलं. "सांडायला पाणी यायला तर पाहिजे की काका," ईरम्मा म्हणाल्या आणि त्यांना चहा दिला. नोंद झाली, चहा बरा होता.

शेवटी लवट्यांनी हॉलच्या भिंतीला तळहात लावला, मग उलटा हात, मग डोळे मिटून गाल. भिंतीच्या पलीकडे बाथरूम होतं. शुक्रवारी संध्याकाळी सगळे जमले असताना त्यांनी निकाल सांगितला. "पाझर हाय. आतल्या नळीला. सकाळी बाथरूम वापरत्यात, दुपारपतुर त्ये पानी हितवर येतंय."

"मग रविवारी कसं येत नाही?" ऋतुजाने विचारलं.

"रविवारी आंगुळीला उशीर हुतो समद्यांच्या."

ह्यावर कुणालाही हरकत घेता येईना. डबी पुसायला आलेला चन्नवीर मात्र पेचकस फिरवत म्हणाला, "काका, पाइप गळायलाय तर भिंत फुगंल, रंग सुटंल. ही तर पापडासारखी कोरडी हाय की वो."

"तुला एशीतलं कळतं, चन्नवीर. ओलीतलं मला कळतं."

"ते बी खरंच म्हणा," म्हणून चन्नवीरने बॅग आवरली.

सयाजीने लगेच कल्लप्पा गवंड्याला फोन केला. रविवारी सकाळी नऊ वाजता, बाथरूमची आतली भिंत फोडायची. त्या भिंतीला निळ्या फरशा होत्या. ऋतुजाने दिवाळीत सात दुकानं फिरून निवडलेल्या, आणि दुकानदाराने तेव्हाच सांगितलं होतं की हा माल आता परत येणार नाही. "मामा म्हणतायत म्हणजे असणारच पाझर," एवढंच ती म्हणाली. मग आत गेली आणि मोबाइलवर फरशांचे फोटो काढून आली. जाता जाता तिने लवट्यांच्या वहीतल्या आकड्यांवर नजर टाकून एक सूचना केली. "मामा, उद्यापासून डबीचा आकडापण लिहा. तिसरा रकाना करा. आमच्या लॅबमध्ये एका सॅम्पलवर कुणी निकाल देत नाही."

सूचना लवट्यांना एकदम मान्य झाली. रात्रीच त्यांनी पट्टीने रकाने आखून ठेवले.

शनिवारी दुपारी दोनला त्यांनी रोजच्याप्रमाणे हवा दुरुस्त केली. पंधरा-वीस मिनिटांत वरचा एसी थांबला. रोजच थांबायचा, त्यांनी फक्त पाझर वेळेवर असल्याची मनात नोंद घेतली. तीन वाजता वही उघडून ते भिंतीपुढे उभे राहिले. सुका, चौतीस. ओला, चोवीस. डबी, चोवीस.

पेन्सिल तिसऱ्या रकान्यावर थांबली.

खोली चौतीसची तापलेली, आणि डबी चोवीस म्हणत होती. ओल्याच्या आकड्याला आकडा मिळवून. लवट्यांनी डबीवरून बोट फिरवलं. बोट ओलं झालं. वरच्या जाळीतून पाणी आत उतरलं होतं, वाळत होतं, वाळता वाळता डबीला गार करत होतं, आणि डबी बिचारी खोली गार झाली असं समजून एसी बंद करून बसली होती. वात नव्हती एवढंच. भिंतीवर आता एक सुका होता आणि दोन ओले होते.

हे सोलापुरात ज्या एका माणसाला पहिल्या दिवशी कळायला हवं होतं, तो माणूस हातात निळा फवारा घेऊन उभा होता.

त्यांनी मागची पानं उलटली. एसी बंद पडला तो प्रत्येक दिवस, आणि त्या प्रत्येक दिवशी दोन वाजताची नोंद: 'फवारणी, फळीभोवती.' रविवार कोरे. सगळं त्यांच्याच अक्षरात, सगळ्याखाली त्यांचीच सही. इतकं भरभक्कम पुराव्याचं काम गिरणीत कुणी केलं असतं तर त्याचा पगार वाढला असता.

तरी खात्री करायला हवी. लवट्यांनी टॉवेल आणून डबी पुसली, तोच टॉवेल तिच्याभोवती दाबून धरला, मग हाताने वारा घातला. आकडा हलला. सव्वीस. एकोणतीस. तेहतीस. वर कट्ट आवाज झाला आणि एसी चालू झाला. लवट्यांना आयुष्यात कुठल्याही प्रयोगाच्या यशाचं इतकं वाईट वाटलं नव्हतं.

"काय चाललंय?" अंबुबाई दारात उभ्या होत्या.

"काय न्हाय."

"काय न्हाय तर त्या डबीला टॉवेल का पांघरलाय? थंडी वाजतीय व्हय तिला?"

लवटे खुर्चीत बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. अंबुबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. मग त्या खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं.

"इकत्तीस वर्सं सायबाला फशिवलं," त्या म्हणाल्या. "आता सायब बी तुमीच, आन् फसलं बी तुमीच."

"हळू बोल."

"कोन हाय ऐकायला? ती डबी?" मग हसू आवरून, "पोरीच्या फरशा फोडनार व्हय उद्या?"

लवट्यांनी टॉवेलची घडी घातली. गप्प राहणं सोपं होतं. फवारा आजपासून बंद केला की डबी बरी होणार होती. कल्लप्पा भिंत फोडणार, नळी कोरडी निघणार, आणि पाझर आपोआप बुजला असं सांगता येणार होतं. गिरणीच्या कागदांत असे बरेच पाझर बुजले होते. फरशा तेवढ्या जाणार होत्या.

"सांगितलं तर परत मला कोन काय इचारंल का, सांग," ते शेवटी म्हणाले.

"मी इचारते की. रोज इचारते. भाजी कुटली आनायची म्हून. सांगता का कदी धड?"

रविवारी सकाळी साडेआठला बाथरूम रिकामं झालं होतं. बादल्या गॅलरीत, साबणाची जाळी काढलेली, आरसा कॉटवर. ऋतुजाने फरशांवरून एकदा ओलं फडकं फिरवलं होतं, का ते तिलाही सांगता आलं नसतं. चहा झाल्यावर लवटे उठून उभे राहिले. अंगात इस्त्रीचा सदरा होता. त्यांनी वहीतला कागद उघडला आणि घसा साफ केला.

"चौकशी अहवाल. विषय, हॉलमधील डबीत पाणी शिरणेबाबत. कुकरची तपासणी केली. कुकर निर्दोष. वरच्या मजल्यावरील श्रीमती ईरम्मा निर्दोष. बाथरूमची नळी निर्दोष असून भिंतीत पाझर नाही. सदरचे पाणी हवा खात्याच्या एका निवृत्त जॉबरने, सुट्टीचा दिवस वगळून, दररोज दुपारी दोन वाजता स्वहस्ते शिंपडले आहे. हेतू चांगला होता. नोंदी सोबत जोडल्या आहेत."

सयाजीने मान पुढे काढून कागदाकडे बघितलं.

"निवृत्त जॉबर म्हणजे, आण्णा..." सयाजी म्हणाला.

"मीच की रं. दुसरा कोन ऱ्हातोय हितं?"

"म्हणजे आम्ही दोन आठवडे उकडून निघालो, ते हवेची दुरुस्ती चालली होती म्हणून?"

"आकडा ठीक येत हुता," लवटे म्हणाले. मग त्यांना स्वतःलाच ते ऐकवेना. "फळीवरचा."

ऋतुजाने वही हातात घेतली. तिने शनिवारचे तीन रकाने बोट ठेवून वाचले, चौतीस, चोवीस, चोवीस, आणि पुन्हा वाचले. "मामा, डबीच ओला झाली? हे तुम्ही शोधलंत?"

"व्हय."

"आमच्याकडे पेशंट स्वतः सॅम्पल आणतो, स्वतः तपासतो आणि स्वतःच्या विरुद्ध रिपोर्ट देतो, असं अजून झालेलं नाही." ती हसायला लागली. मग उठून बाथरूममध्ये गेली आणि बाहेर ऐकू येईल इतक्या जोरात तिने साबणाची जाळी परत अडकवली. आतूनच तिने विचारलं, "आणि मामा, माझे डोळे चुरचुरतात ते कोरड्या हवेनेच का? तेवढं सांगा ना बघून."

लवट्यांनी अंबुबाईंकडे बघितलं. अंबुबाई गॅलरीतल्या बादल्या आत आणण्यात अतिशय गुंतल्या होत्या.

"बगून सांगतो," ते म्हणाले. "घाईनं न्हाय सांगत आता."

मग त्यांनी अहवालाचा राहिलेला भाग उभ्याने पूर्ण केला. ओला-सुका पॅसेजमध्ये हलवण्यात यावा. फवारा कुंड्यांकडे वर्ग करण्यात यावा. सबब बाथरूमची भिंत फोडण्याची कारवाई तात्काळ प्रभावाने रद्द करण्यात येत असून, गवंडी कल्लप्पा यांस तसे समक्ष कळवण्याची जबाबदारी सदर जॉबर यांच्यावर सोपवण्यात येत आहे. खाली सही, दिनांक, वेळ. लिफ्ट बंद होती. लवटे जिना उतरून गेले आणि पावणेनऊपासून सोसायटीच्या फाटकात, उन्हात, कागद हातात धरून उभे राहिले.

दहा वाजता सयाजीने फोन लावला. कल्लप्पा पहाटेच्या गाडीने मेव्हणीच्या लग्नाला जेऊरला गेला होता.